मध्यावर नसलेला सूर्य

तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघते, पुण्यातला मुक्काम आटोपून सोलापूर रस्त्याला लागते आणि हडपसरमार्गे लोणी काळभोरला मुक्कामी येते. तिथीने पाहिले तर या मुक्कामात फारसा फरक पडत नाही. ज्येष्ठ वद्य एकादशी-द्वादशीच्या सुमारास गाव वारकऱ्यांनी भरून जाते. इंग्रजी तारखांनी पाहिले तर मात्र हाच मुक्काम वर्षागणिक मागेपुढे सरकतो. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला. २०२६ मध्ये ती २५ जुलैला येते, कारण त्या वर्षी ज्येष्ठ अधिक. बारा चांद्रमासांचे वर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते आणि ती तूट अधिक महिना घालून भरून काढावी लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यापुढचा प्रश्न क्वचितच विचारला जातो. २००१ पासूनचे अधिक महिने ओळीने मांडा: आश्विन, श्रावण, ज्येष्ठ, वैशाख, भाद्रपद, आषाढ, ज्येष्ठ, आश्विन, श्रावण आणि २०२६ चा ज्येष्ठ. दहाच्या दहा वैशाख ते आश्विन या सहा महिन्यांतले आहेत. मार्गशीर्ष नाही, पौष नाही, माघ नाही. योगायोगाने असे होत नाही. हा पक्षपात पृथ्वीच्या कक्षेच्या आकारातून आलेला आहे, आणि तो नीट समजायचा तर लंबवर्तुळाचे दोन अर्धअक्ष समजून घ्यावे लागतात. त्यासाठी आधी शाळेच्या पुस्तकातले एक चित्र डोक्यातून काढून टाकावे लागते.

त्या चित्रात पृथ्वीची कक्षा चांगली चपटी, अंड्यासारखी काढलेली असते. लंबवर्तुळ कसे काढतात ते आठवले की त्यातली चूक उमगू लागते. फळीवर दोन खिळे ठोका, त्यांना सैल दोऱ्याची दोन टोके बांधा, पेन्सिलीने दोरा ताणून धरा आणि पेन्सिल फिरवा. खिळे म्हणजे दोन नाभी. पेन्सिल कुठेही असली तरी दोन्ही खिळ्यांपासूनच्या तिच्या अंतरांची बेरीज तीच राहते, कारण दोरा तोच आहे. आकृतीची सर्वांत लांब मापणी दोऱ्याच्या लांबीइतकीच भरते. तिचा अर्धा भाग म्हणजे मोठा अर्धअक्ष. मध्यातून तिला काटकोनात काढलेली सर्वांत आखूड मापणी निम्मी केली की लहान अर्धअक्ष मिळतो. आता पेन्सिल नेमकी लहान अक्षाच्या टोकावर आणा. तिथे ती दोन्ही खिळ्यांपासून सारख्या अंतरावर असते, म्हणजे एका खिळ्यापासून दोऱ्याच्या निम्म्या अंतरावर. त्या क्षणी एक काटकोन त्रिकोण तयार होतो: कर्ण हा मोठा अर्धअक्ष, एक भुजा लहान अर्धअक्ष आणि दुसरी भुजा मध्यापासून खिळ्यापर्यंतचे अंतर. या तिसऱ्या अंतराला मोठ्या अर्धअक्षाने भागले की जो अपूर्णांक मिळतो ती लंबवर्तुळाची विमध्यता. कर्णाचा वर्ग हा दोन भुजांच्या वर्गांच्या बेरजेइतका, हा सातवी-आठवीतला नियम इथे सगळे काम करतो. तिसरी भुजा छोटी असेल तर तिचा वर्ग फारच छोटा होतो आणि कर्ण व लांब भुजा जवळजवळ सारख्याच उरतात. म्हणून नाभी मध्यापासून चांगली लक्षात येण्याइतकी बाजूला सरकली तरी आकृतीची चपटाई डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

पृथ्वीच्या कक्षेचा मोठा अर्धअक्ष १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे आणि विमध्यता ०.०१६७. म्हणजे सूर्य कक्षेच्या मध्यापासून सुमारे २५ लाख किलोमीटर बाजूला आहे. लहान अर्धअक्ष मात्र मोठ्यापेक्षा जेमतेम २१ हजार किलोमीटरांनी कमी भरतो. २५ लाख आणि २१ हजार, एकास सुमारे एकशे वीस. हे प्रमाण डोळ्यांपुढे आणायला लोणी काळभोरमध्येच एक सोयीची वास्तू आहे. विश्वराजबागेतल्या विश्वशांती घुमटाचा व्यास १६० फूट आहे, म्हणजे त्रिज्या ८० फूट, साधारण साडेचोवीस मीटर. त्या घुमटाचे वर्तुळ पृथ्वीची कक्षा मानले तर तिचा हुबेहूब आकार मिळवण्यासाठी ते दोन बाजूंनी फक्त साडेतीन मिलिमीटर आत दाबावे लागेल. गिलाव्यातला उंचसखलपणा याहून जास्त असतो. सूर्य मात्र घुमटाच्या मध्यबिंदूपासून तब्बल ४१ सेंटिमीटर दूर ठेवावा लागेल, आणि तो मध्यावर नाही हे आत येणाऱ्या कोणालाही नुसत्या नजरेने कळेल. माझे म्हणणे एवढेच आहे की पृथ्वीच्या कक्षेबद्दल सांगताना आपण चपटाईवर भर देतो तो चुकीच्या जागी देतो. कक्षा वर्तुळच दिसते. सूर्य तिच्या मध्यावर नाही, आणि अधिक महिन्यांच्या पक्षपाताच्या मुळाशी ही गोष्ट आहे.

यावर कोणी म्हणेल, आकार इतका वर्तुळासारखा आहे तर सरळ वर्तुळ म्हणा आणि सोडून द्या. नाभी बाजूला असण्याचा परिणाम काय होतो ते पाहिले की तसे सोडता येत नाही. सूर्यापासून ग्रहापर्यंत काढलेली रेषा समान काळात समान क्षेत्रफळ झाडते, हा केप्लरचा नियम. जवळ असताना रेषा आखूड असते, म्हणून तेवढेच क्षेत्रफळ झाडायला तिला अधिक कोनातून फिरावे लागते. कोनीय गती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून अंतरात १.६७ टक्के फरक पडला की गतीत दुप्पट, ३.३ टक्क्यांहून थोडा अधिक फरक पडतो. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ, १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत दूर, १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जायला सरासरी ३०.४४ दिवस घेतो. ३.३ टक्क्यांची वजाबाकी आणि बेरीज करा: जानेवारीच्या आसपास सौरमास सुमारे २९.४ दिवसांचा होतो, जुलैच्या आसपास सुमारे ३१.४ दिवसांचा. हे पडताळायला दुर्बीण लागत नाही. आपला धुंधुरमास, म्हणजे सूर्याचा धनू राशीतला काळ, १६ डिसेंबरच्या सुमारास सुरू होऊन मकर संक्रांतीला संपतो: २९ दिवस. मिथुन संक्रांत १५ जूनच्या सुमारास आणि कर्क संक्रांत १६ जुलैच्या: ३१ दिवस. वसंत संपात ते शरद संपात, म्हणजे २० मार्चपासून २२-२३ सप्टेंबरपर्यंत, सुमारे १८६ दिवस होतात आणि उरलेल्या अर्ध्या फेरीला १७९. कोनात पाहता दोन्ही फेऱ्या अगदी अर्ध्या-अर्ध्या आहेत, तरी एकीला आठवडाभर जास्त लागतो.

या सौरमासांशेजारी आता चांद्रमास ठेवा. अमावास्या ते अमावास्या सरासरी २९.५३ दिवस. ज्या चांद्रमासात एकही संक्रांत पडत नाही तो अधिक. तसे घडायला अख्खा चांद्रमास एका सौरमासाच्या पोटात मावला पाहिजे. मिथुन मास चांद्रमासापेक्षा जवळजवळ दोन दिवसांनी मोठा असल्याने तिथे मावण्याची शक्यता भरपूर. त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या वृषभ आणि कर्क मासांतही चांगली. धनू मास मात्र सरासरी चांद्रमासापेक्षाही किंचित लहान. मोठी वस्तू लहानात मावणार कशी? म्हणून मार्गशीर्ष आणि पौष अधिक येत नाहीत. उलट तिथे लहान सौरमासच मोठ्या चांद्रमासाच्या पोटात सापडू शकतो. तसे झाले की एका चांद्रमासात दोन संक्रांती पडतात आणि एका महिन्याचे नाव गळते. हा क्षयमास. हिवाळ्यात चांद्रमासही थोडा लांबतो, कारण सूर्य भराभर पुढे सरकत असताना चंद्राला त्याला गाठायला अधिक वाट चालावी लागते. चंद्राच्या स्वतःच्या विमध्य कक्षेची भर पडली तर तो २९.८ दिवसांपर्यंतही जातो. तरीही क्षयमास दुर्मीळच. विसाव्या शतकात तो १९६३-६४ आणि १९८२-८३ या दोन वर्षांत आला. त्याआधी १८२२-२३ मध्ये आणि यापुढचा २१२३-२४ मध्ये. अंतरे १४१, १९ आणि पुन्हा १४१ वर्षे. हेच दोन आकडे भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी'त दिले आहेत. शके ९७४ मध्ये क्षयमास होऊन गेला आणि शके १११५, १२५६ व १३७८ मध्ये होईल, असे लिहून तो कार्तिकापासूनच्या तीन महिन्यांतच पडतो हेही त्यांनी सांगितले आहे. पाटणच्या शिलालेखाने आपल्या खानदेशाशी जोडलेला हा गणिती लंबवर्तुळाची कल्पनाही न वापरता त्याच्या परिणामाचे भविष्य शतकांनी आधी सांगत होता.

क्षयमासाचे मूळ खरोखर सूर्याच्या असमान गतीत आहे, याला आपल्याच इतिहासात एक चांगला पुरावा आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर भारतीय कालगणनेवरचे इंग्रजी पुस्तकही. जुन्या काळी अधिकमास मध्यम मानाने धरत, म्हणजे सूर्य वर्षभर एकाच सरासरी गतीने चालतो असे मानून, आणि पुढे स्पष्ट मान, म्हणजे सूर्याची असमान गती हिशेबात धरणारे, रूढ झाले, हे दीक्षितांच्या विवेचनातून कळते. मध्यम मानात बारा सौरमास सारखे, प्रत्येकी ३०.४४ दिवसांचे, चांद्रमासाहून नेहमीच मोठे. त्या पद्धतीत कोणताही महिना अधिक येऊ शकतो आणि क्षयमास कधीच येत नाही. आकाश तेच. गणितात सूर्याची गती असमान धरली तेवढ्याने अधिक महिने उन्हाळ्या-पावसाळ्यात गोळा झाले आणि क्षयमास जन्माला आला. दोन पद्धतींतल्या या फरकाइतका स्वच्छ पुरावा मला दुसरा दिसत नाही.

इथे एक शंका नेहमी निघते. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या जवळ, मग थंडी का? आणि ऋतू जर आसाच्या कलण्यामुळे होतात तर महिन्यांची ही लांबी-आखूडही त्यामुळेच होत नसेल कशावरून? पहिल्या शंकेचे उत्तर ओळखीचे आहे: जवळदूरच्या फरकाने सूर्याकडून मिळणारी उष्णता सगळ्या पृथ्वीवर मिळून सुमारे सात टक्क्यांनी कमीजास्त होते, पण किरणे किती तिरपी पडतात आणि दिवस किती मोठा असतो याचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा आहे. दुसरी शंका अधिक विचारी आहे. संक्रांती क्रांतिवृत्तावर मोजतात, म्हणजे सूर्य आकाशात ज्या वाटेने जाताना दिसतो त्याच वाटेवर, तीस-तीस अंशांनी. पृथ्वीचा आस कितीही कलला तरी त्या वाटेवरचे तीस अंश तीसच राहतात. आस अगदी ताठ उभा असता, ऋतू नाहीसे झाले असते, तरी धनू मास आखूड आणि मिथुन मास लांबच राहिला असता. कलण्याचा आणि विमध्यतेचा एकमेकांशी संबंध नाही. सध्या उत्तरायणाचा आरंभ आणि उपसूर्य बिंदू, म्हणजे पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जागा, यांच्यात जेमतेम दोन आठवड्यांचे अंतर आहे, म्हणून या दोन गोष्टी एकच वाटतात एवढेच.

मग प्राचीनांना लंबवर्तुळ ठाऊक होते म्हणायचे का? हा दावा अलीकडे बराच ऐकू येतो आणि तो आदरापोटी केला जातो हे खरे. पण त्याने आपल्या गणितींनी प्रत्यक्ष जे केले त्याचेच मोल झाकले जाते. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असे धरून त्यांनी त्याच्या वाटेचे वर्तुळ ठेवले आणि पृथ्वी त्याच्या मध्यापासून बाजूला सरकवली. या बाजूला सरकलेल्या वर्तुळाला प्रतिमंडल म्हणत आणि त्यातल्या सर्वांत दूरच्या बिंदूला मंदोच्च, कारण तिथे गती मंद होते. 'सूर्यसिद्धान्ता'त सूर्याचे मंदोच्च निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या, ७७ अंशांच्या आसपास, म्हणजे मिथुन राशीत आहे. आजच्या मोजणीनेही ते मिथुनेतच, ७९ अंशांच्या जवळ येते. मध्यम सूर्य आणि स्पष्ट सूर्य यांच्यात जास्तीत जास्त दोन अंशांहून थोडा अधिक फरक तिथे निघतो. आजचा आकडा १ अंश ५५ कला आहे. घुमटाच्या उदाहरणातले साडेतीन मिलिमीटर त्यांनी सोडून दिले आणि ४१ सेंटिमीटर पकडले, असे म्हणता येईल. फक्त त्यांचे अंतर ४१ च्या जवळपास नव्हते, दुपटीहून थोडे अधिकच होते. सूर्याच्या मंदपरिधीला, म्हणजे मध्य किती सरकवायचा ते सांगणाऱ्या मापाला, तिथे १४ अंश दिले आहेत. ३६० पैकी १४ म्हणजे ३.९ टक्के. याचे कारण असे की प्रतिमंडलावर सूर्य एकसारख्या वेगाने फिरतो असे गृहीत होते, म्हणून दिसणाऱ्या गतीतला सगळा फरक एकट्या अंतराच्या माथी मारावा लागे. खरी पृथ्वी दूर असताना प्रत्यक्षातही हळू चालते. फरकाचा अर्धा वाटा अंतराचा आणि अर्धा प्रत्यक्ष वेगाचा. नुसत्या संक्रांतीच्या वेळा पाहून हे दोन वाटे वेगळे काढता येत नाहीत, कारण दोन्ही रीतींनी तारखा जवळजवळ त्याच निघतात. त्यासाठी अंतर स्वतंत्रपणे मोजायला हवे.

ते मोजण्याचा मार्ग सूर्यबिंबाच्या आकारात होता. बिंब जानेवारीत मोठे आणि जुलैत लहान दिसते, आणि ते अंतराच्या साध्या व्यस्त प्रमाणात बदलते, वर्गाच्या नव्हे. 'सूर्यसिद्धान्ता'ने बिंबाचा व्यास सूर्याच्या स्पष्ट गतीच्या प्रमाणात धरला, म्हणून तिथे तो प्रत्यक्षाच्या दुपटीहून अधिक कमीजास्त होतो. १६५५ नंतर जिओव्हानी डोमेनिको कॅसिनी यांनी इटलीतल्या बोलोन्या शहराच्या सान पेत्रोनिओ चर्चमध्ये छपराला भोक ठेवून जमिनीवर पडणाऱ्या सूर्यबिंबाचे माप वर्षभर घेतले. बिंबातला फरक गतीतल्या फरकाच्या निम्माच भरला. केप्लरने मंगळाच्या गणितावरून पृथ्वीची विमध्यता निम्मी केली होती, त्याला हा थेट दुजोरा होता.

केप्लरचा मंगळ मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण ज्या शोधाला आपण लंबवर्तुळाचा शोध म्हणतो तो एका लहान अर्धअक्षातून लागला. मंगळाची विमध्यता ०.०९३, पृथ्वीच्या साडेपाचपट. त्रिकोणात वर्ग येत असल्याने चपटाई तीसपटीहून अधिक. टायको ब्राहेच्या वेधांशी ताडून पाहताना केप्लरच्या वर्तुळाच्या एका गणितात आठ कलांची चूक राहिली आणि ती त्याने दुर्लक्षिली नाही. पुढे त्याच्या लक्षात आले की मंगळ वर्तुळाच्या बाजूंना आतून जातो. किती आतून? त्रिज्या एक लाख धरली तर सुमारे ४२९. हा आकडा त्याच्याजवळ बराच काळ नुसता पडून होता. मग मंगळाकडून पाहता सूर्य आणि कक्षेचा मध्य यांच्यातला सर्वांत मोठा कोन, ५ अंश १८ कला, याचे त्रिकोणमितीय गुणोत्तर पाहताना त्याला १,००,४२९ दिसले, आणि झोपेतून जागे झाल्यासारखे वाटले असे तो सांगतो. आपल्या दोऱ्याच्या त्रिकोणात हे गुणोत्तर म्हणजे कर्ण भागिले लांब भुजा, अर्थात मोठा अर्धअक्ष भागिले लहान अर्धअक्ष. १६०९ च्या 'अस्ट्रोनोमिया नोव्हा'मध्ये ही सगळी वाटचाल आहे. हाच हिशेब पृथ्वीसाठी केला तर ४२९ च्या जागी १४ येतात, लाखात चौदा. त्या काळच्या कोणत्याही वेधात हे चौदा सापडले नसते. आपल्या ज्योतिषांना सूर्याच्या गणितात लंबवर्तुळाची गरज पडली नाही यात त्यांचा दोष नाही. सूर्याच्या गणितात ते दिसण्याजोगे नव्हतेच.

महाराष्ट्रात हा बदल उशिरा आला आणि तो पंचांगाच्या वाटेने आला. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये रचलेले 'ग्रहलाघव' शतकानुशतके मराठी पंचांगांचा आधार होते. ज्या-कोष्टके टाळून सोप्या बेरीज-गुणाकारांत ग्रह काढण्याची त्यांची हातोटी विलक्षण आहे. पण मूळ आकडे जुने, त्यामुळे ग्रहणांच्या वेळा हळूहळू चुकू लागल्या. पुण्याचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली, युरोपीय गणितावर आधारलेली, आणि त्यातून पटवर्धनी पंचांग निघाले. पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांनी 'ज्योतिर्गणित' आणि 'केतकी' या ग्रंथांतून नवे गणित जुन्या शास्त्रकारांच्या भाषेत बसवले. या मंडळींना परंपरेतून कडवा विरोध झाला. विरोधाचा रोख बहुधा अयनांशांवर, म्हणजे राशिचक्राचा आरंभ संपातापासून किती दूर धरायचा यावर होता, लंबवर्तुळावर नव्हता. मंदफलाची, म्हणजे मध्यम सूर्यावरून स्पष्ट सूर्य काढण्याची, रीत तीच ठेवून आतले आकडे बदलता येत होते, म्हणून हा बदल त्या मानाने सहज पचला असावा असे मला वाटते.

पृथ्वीच्या बाबतीत अदृश्य असलेला लहान अर्धअक्ष दुसरीकडे डोळ्यांत भरेल इतका वेगळा होतो. २४ सप्टेंबर २०१४ ला इस्रोचे मंगळयान मंगळाभोवती स्थिरावले तेव्हा पृष्ठभागापासून त्याचे सर्वांत कमी अंतर ४२१.७ किलोमीटर होते आणि सर्वांत जास्त ७६,९९३.६. दोन्हींत मंगळाची त्रिज्या, सुमारे ३,३९० किलोमीटर, मिळवली की केंद्रापासूनची अंतरे मिळतात: ३,८१२ आणि ८०,३८४. त्यांची साधी सरासरी ४२,०९८, हा मोठा अर्धअक्ष. दोन्हींच्या गुणाकाराचे वर्गमूळ सुमारे १७,५००, हा लहान अर्धअक्ष. खरी अंड्यासारखी कक्षा ही. आता मंगळाचे गुरुत्वाकर्षण आणि ४२,०९८ हा एवढाच आकडा घेऊन केप्लरच्या तिसऱ्या नियमाने फेरीचा काळ काढला तर ७२ तास ५१ मिनिटे येतो, आणि इस्रोने जाहीर केलेला काळही तोच होता. लहान अर्धअक्षाचा या हिशेबात कुठे संबंधच आला नाही. ४२,०९८ किलोमीटर त्रिज्येचे शुद्ध वर्तुळ असते तरी यानाला तेवढाच वेळ लागला असता. फेरीचा काळ आणि कक्षेची ऊर्जा मोठा अर्धअक्ष ठरवतो. तासाला किती क्षेत्रफळ झाडले जाईल हे मोठ्याची लांबी कायम धरली तर लहान अर्धअक्ष ठरवतो, आणि इथे ते त्या वर्तुळाच्या ४२ टक्केच होते. ब्रेक लावायला इंधन मोजके असताना यानाला मंगळाच्या पकडीत जेमतेम आणायचे असेल तर मोठा अर्धअक्ष मोठाच ठेवून एक टोक मंगळाजवळ आणणे, हा शहाणपणाचा मार्ग होता.

मोठ्या अर्धअक्षाला पुस्तकांत सर्रास 'सूर्यापासूनचे सरासरी अंतर' म्हणतात, आणि त्यावर आक्षेप घेण्यासारखे आहे. सरासरी कशावर काढली ते सांगायला हवे. जवळच्या आणि दूरच्या टोकांची सरासरी म्हणाल तर बरोबर. दिवसांवर सरासरी काढली, रोजचे अंतर लिहून वर्षाची बेरीज करून भागली, तर ती मोठ्या अर्धअक्षापेक्षा सुमारे २१ हजार किलोमीटरांनी अधिक येते, कारण पृथ्वी दूरच्या भागात जास्त दिवस काढते. कोनांवर काढली, दर अंशाला एक अंतर घेऊन, तर ती नेमकी लहान अर्धअक्षाइतकी येते, म्हणजे २१ हजारांनी कमी. मोठा अर्धअक्ष या दोघांच्या जवळजवळ मधोमध उभा आहे. पृथ्वीपुरता हा वाद किरकोळ वाटेल. मंगळयानासाठी हीच तीन उत्तरे ५९ हजार, ४२ हजार आणि साडेसतरा हजार किलोमीटर इतकी लांब जातात. वर्गात सांगताना मोठ्या अर्धअक्षाला 'सरासरी' म्हणण्यापेक्षा 'फेरीचा काळ ठरवणारे माप' म्हणावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन अर्धअक्षांतला फरक दीर्घ काळात आणखी उघडा पडतो. इतर ग्रहांच्या ओढीने पृथ्वीची कक्षा सावकाश बदलत राहते, पण ती दोन्ही अर्धअक्षांना सारखी बदलत नाही. अठराव्या शतकात लाप्लास आणि लाग्रांज यांनी गणिताने दाखवले की ग्रहांचे मोठे अर्धअक्ष या ओढीने कायमचे एका दिशेला सरकत जात नाहीत. म्हणूनच वर्षाची लांबी टिकून आहे. विमध्यता मात्र बदलते. कक्षेचा मोठा अक्ष ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सुमारे १ लाख १२ हजार वर्षांत एक फेरी घेतो, म्हणजे मंदोच्चाला एक रास ओलांडायला नऊ हजारांहून अधिक वर्षे लागतात. अधिक महिन्यांची गर्दी त्याच चालीने ज्येष्ठ-आषाढाकडून श्रावण-भाद्रपदाकडे सरकेल. विमध्यता सध्या घटते आहे आणि सुमारे २७ हजार वर्षांनी ती ०.००३ च्या आसपास येईल. तेव्हा मोठा अर्धअक्ष आजच्याइतकाच, १४ कोटी ९६ लाख किलोमीटर असेल आणि लहान त्याच्यापेक्षा सुमारे सातशे किलोमीटरांनीच कमी असेल. सूर्य मध्यापासून साडेचार लाख किलोमीटरच बाजूला असल्याने सर्वांत आखूड सौरमासही ३०.२ दिवसांहून मोठा राहील आणि कोणताही चांद्रमास त्याला गिळू शकणार नाही. त्या काळी आपल्याच नियमांनी कोणी पंचांग मांडले तर त्यात क्षयमास सापडणार नाही, आणि पौष जवळपास इतर महिन्यांइतक्याच सहजपणे अधिक येईल.